एक प्रश्न, पाच कपाटं : नागपुरात राहून अनेक विषय कसे वाचावेत

अनेक विषय वाचायचे म्हणजे आज इतिहास, उद्या मानसशास्त्र, परवा खगोलशास्त्र, असं हाताला येईल ते वाचत सुटायचं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं केलं की वर्षअखेरीस पुस्तकांची नावं तेवढी आठवतात, आतलं काही हाती राहत नाही. मग माणूस म्हणतो, "आपलं डोकं एकाच विषयाचं." डोक्याचा काही दोष नसतो. वाचनाला धागा नसतो, एवढंच.

हा लेख अशा वाचकांसाठी आहे, ज्यांना नोकरीधंदा सांभाळून रोज अर्धा-पाऊण तास काढता येतो, ज्यांच्या कथा-कादंबऱ्या किंवा परीक्षेची पुस्तकं वाचून झाली आहेत, पण वाचनालयातल्या बाकीच्या कपाटांसमोर उभं राहिलं की कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. उदाहरणं सगळी नागपूरची आणि आसपासची आहेत. पहिले तीन महिने तरी डोळ्यांसमोरच्या गोष्टी धरूनच वाचावं, असं आमचं ठाम मत आहे.

मिळतं काय?

झिरो माइल घ्या. "हा देशाचा मध्यबिंदू" हे नागपुरातलं शाळकरी पोरही सांगतं. आता तिथे जाऊन दगडावरचा मजकूर वाचा. इतर गावांची अंतरं आहेत, आणि समुद्रसपाटीपासूनची उंची आहे : १०२०.१७१ फूट. मध्यबिंदूच दाखवायचा होता तर उंची कशाला, आणि तीही फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत? शहराच्या इतिहासाच्या पुस्तकांत याचं उत्तर सहसा सापडत नाही. भूमापनाच्या पुस्तकात सापडतं. १९०७ साली उभारलेली ही खूण महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची, म्हणजे इंग्रजी अमदानीत देशभर झालेल्या भूमापनाची आहे. उंची मोजत जाण्याच्या कामात, म्हणजे तलमापनात, आसपासच्या ठिकाणांसाठी जी प्रमाण मानायची, अशी ती खूण. या सर्वेक्षणाचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन १८०२ साली मद्रासकडून मापं घेत निघाला आणि १८२३ च्या जानेवारीत इथून जवळच, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

दगड तोच, पण एका विषयाने सांगितलेलं दुसऱ्या विषयाने तपासलं. अनेक विषय वाचण्याचा खरा लाभ हाच. प्रत्येक विषय आपल्यापुरतं पूर्ण वाटेल असं उत्तर देतो, आणि एकाच कपाटातलं वाचणाऱ्याला त्या उत्तरातली फट कधी दिसत नाही. शेजारच्या कपाटातलं एक पुस्तक वाचलं की ती दिसायला लागते. हे एकदा अनुभवलं की वाचन सुटत नाही. पण त्यासाठी थोडी शिस्त लागते.

पायरी पहिली : विषय नको, प्रश्न निवडा

"मला अर्थशास्त्र वाचायचंय" ही इच्छा चांगली, पण तिला टोक नाही. दुसऱ्या पुस्तकानंतर ती विरते. त्याऐवजी प्रश्न घ्या, आणि तो तीन कसोट्यांवर घासा. एका ओळीत विचारता येतो का? त्यातली एखादी वस्तू किंवा जागा एका दिवसात जाऊन बघता येते का? उत्तरासाठी किमान तीन वेगळ्या विषयांची पुस्तकं लागतील का?

नागपुरात अशा प्रश्नांना तोटा नाही. काटोल रोडकडच्या जुनापाणीची शिळावर्तुळं, म्हणजे गोलात मांडलेले मोठे दगड, कोणी आणि कशासाठी रचली? रामटेकच्या टेकडीचा कालिदासाच्या यक्षाशी संबंध जोडतात, त्याला आधार काय? नागपूरच्या पश्चिमेला कापूस आणि पूर्वेला धान, तर मधली रेघ इथेच का?

"माणूस सुखी कशाने होतो?" असले प्रश्न सुरुवातीला नकोत. ते इतके मोठे आहेत की कुठलंही पुस्तक चालतं, आणि कुठलंही चाललं की धागा तुटतो. "नागपूर जिल्ह्यात किती तालुके?" हाही नको, तो मिनिटभरात संपतो.

निवडलेला प्रश्न बारा आठवडे सोडायचा नाही. वाचता वाचता त्याचे शब्द बदलतील, ते बदलू द्या. चौथ्या आठवड्यात प्रश्न जास्त नेमका झाला असेल तर वाचन बरोबर चाललंय.

पायरी दुसरी : वाचनालय आणि त्यातली कपाटं

एक वाचनालय घराजवळचं आणि एक मोठं, अशी दोन सभासदत्वं पुरतात. बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे. १९२३ साली अमरावतीला स्थापन झालेली ही संस्था पुढे नागपुरात आली. बर्डीतच राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय हे शहरातलं जुनं वाचनालय आहे. अनामत रक्कम भरली की पावती तुमच्या टिपणवहीच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. सभासदत्व सोडताना ती मागतात आणि तेव्हा ती नेमकी सापडत नाही.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा : एका वेळी किती पुस्तकं मिळतात, कपाटापर्यंत स्वतः जाता येतं का, आणि संदर्भ विभागात बसून वाचता येतं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर ते वाचनालय कादंबऱ्यांसाठी ठेवा. अनेक विषयांच्या वाचनात हवं ते पुस्तक बरेचदा मागितलेल्या पुस्तकाच्या शेजारी उभं असतं. चिठ्ठीवर नाव लिहून देऊन ते कधीच हाती लागत नाही.

मोठ्या ग्रंथालयात पुस्तकाच्या पाठीवर आकडा असतो. ड्यूईची दशांश पद्धत १८७६ पासून चालत आली आहे आणि तिचे दहा मुख्य वर्ग पाठ व्हायला दहा मिनिटं लागतात : १०० तत्त्वज्ञान, २०० धर्म, ३०० समाजशास्त्रं, ४०० भाषा, ५०० विज्ञान, ६०० तंत्र आणि शेती, ७०० कला, ८०० साहित्य, ९०० इतिहास-भूगोल, आणि ००० मध्ये कोश व सर्वसाधारण संदर्भ. पुढचे आकडे विषय बारीक करत नेतात. ५५१ भूशास्त्र, ६३१.४ माती, ६३३.५१ कापसाचं पीक, ६७७ वस्त्रोद्योग, ३३१ कामगार, ३८५ रेल्वे, ९५४ भारताचा इतिहास, ८९१.४६ मराठी साहित्य. बघा, कापूस एकच, पण शेतातला ६३३ मध्ये, गिरणीतला ६७७ मध्ये आणि त्यावर राबणारा माणूस ३३१ मध्ये. ही तीन कपाटं बहुधा एकमेकांपासून लांब असतात, आणि आपल्याला त्यांच्यामध्ये ये-जा करायची आहे.

लहान वाचनालयांत ड्यूई क्वचितच पाळतात. तिथे कादंबरी, कथा, नाटक, चरित्र आणि शेवटी "संकीर्ण" असे गठ्ठे असतात. संकीर्ण सोडू नका. जिथे कुठेच बसत नाही असं सगळं तिथे ठेवलेलं असतं : स्थानिक इतिहास, शेतीच्या पुस्तिका, संस्थांच्या स्मरणिका, जुने अहवाल. जमलं तर ग्रंथपालांना प्रश्न सांगा, पुस्तकाचं नाव सांगू नका. "कापसावर काय आहे?" याला दोन पुस्तकं निघतात. "इकडे कापूस आणि भंडाऱ्याकडे धान, असं का, ते शोधतोय" म्हटलं की ग्रंथपाल स्वतः उठून चालायला लागतात.

बाकी दोन ठिकाणं. सिव्हिल लाईन्समधलं शासकीय ग्रंथागार, जिथे शासनाची प्रकाशनं अगदी कमी किमतीत मिळतात. आणि अजब बंगला, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेलं मध्यवर्ती संग्रहालय. प्राणी, शिल्पं, शिलालेख, शस्त्रं, आदिवासींच्या वस्तू असं सगळं एकाच छताखाली आहे. सोमवारी बंद असतं, तेवढं बघून जा.

पायरी तिसरी : खालच्या पायरीवरून चढा

नवखा वाचक सर्वांत जास्त इथे पडतो. प्रश्न चांगला असतो, पण पहिलंच पुस्तक पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं निघतं. तिसऱ्या पानावर सात अनोळखी शब्द येतात आणि पुस्तक उशाशी पडून राहतं.

नव्या विषयात शिरताना आधी बालभारतीचं त्या विषयाचं नववी किंवा दहावीचं पाठ्यपुस्तक वाचा. ही पुस्तकं मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, आणि विषयाचे मूळ शब्द मराठीत कसे वापरतात ते त्यातून कळतं. मोठ्या माणसाला शाळेचं पुस्तक हातात धरायला संकोच वाटतो, पण खडकांचे प्रकार इतक्या कमी पानांत दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत. त्यानंतर मराठी विश्वकोशातली नोंद. वीस खंडांचा हा कोश ऑनलाइन खुला आहे. एका नोंदीतून तीनच उपनोंदी उघडायच्या, चौथी नाही. नाहीतर संध्याकाळ जाते आणि सुरुवात कशावरून झाली तेही आठवत नाही. तिसऱ्या पायरीला त्या विषयावरचं दीडशे-दोनशे पानांचं सोपं पुस्तक, आणि चौथ्या पायरीला मूळ साधनं : जिल्हा गॅझेटियर, जनगणनेचे तक्ते, जुने अहवाल.

गॅझेटियरबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. एका जिल्ह्याचे खडक, झाडं, पाऊस, जाती-जमाती, पिकं, बाजार, रस्ते, दवाखाने हे सगळं एकाच पुस्तकात बांधलेलं असतं. अनेक विषयांच्या वाचकासाठी याहून उपयोगी पुस्तक नाही. नागपूरचं १९०८ चं गॅझेटियर रसेलने संपादित केलेलं आहे. नंतर राज्य शासनानेही काढलं. दोन्ही शेजारी ठेवून एकच प्रकरण वाचलं की साठ वर्षांत काय बदललं ते आपसूक दिसतं. एक सावधगिरी मात्र हवी. इंग्रज अधिकाऱ्यांनी मोजलेलं आणि पाहिलेलं घ्यावं, लोकांच्या जातींविषयी आणि स्वभावांविषयी काढलेले निष्कर्ष घेऊ नयेत. ते त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या नजरेतून आलेले आहेत.

प्रत्यक्ष करून बघू : कापूस आणि धानाची रेघ

वर्धा रोडने निघालात तर कापूस, तूर, सोयाबीन. भंडारा रोडने निघालात तर धानाच्या बांध्या. हा प्रश्न बारा आठवड्यांत कसा सोडवायचा ते पाहू.

पहिले दोन आठवडे पाठ्यपुस्तकं आणि विश्वकोश. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात खडक आणि माती. इथे पहिलं उत्तर मिळतं आणि ते फार समाधान देतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून दख्खनचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. त्याची पूर्वेकडची कड नागपूरच्या आसपास येते. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची आहे. पूर्वेला गेलं की भंडारा-गोंदियाकडे त्याहून कितीतरी जुने, वेगळेच खडक लागतात. बेसाल्ट झिजून काळी माती होते. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते. पाऊस संपल्यावरही ती ओल धरून ठेवते, म्हणून कोरडवाहू कापूस तग धरतो.

हे हाताने तपासता येतं. दोन्ही रस्त्यांवरच्या शेतातली मूठभर माती शेतकऱ्याला विचारून आणा. खडे काढा, थेंब थेंब पाणी घालून कणकेसारखी मळा, आणि अंगठा व तर्जनीमध्ये दाबत दाबत पट्टी पुढे सरकवा. पट्टी पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब होऊन मग तुटली तर माती चिकण. अडीच सेंटिमीटरच्या आतच तुटली तर चिकणमातीचं प्रमाण कमी. पाणी जास्त झालं तर पट्टी बनतच नाही, हाताला नुसता चिखल लागतो. तेव्हा चिमूटभर कोरडी माती घालून पुन्हा मळा. पुस्तकातल्या दहा पानांइतकं ही पट्टी शिकवते.

सहाव्या-सातव्या आठवड्यात पीक आणि पाऊस. आता पहिल्या उत्तराला तडा जातो. विदर्भात पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस वाढत जातो, म्हणजे खडकाची रेघ आणि पावसाची चढण एकाच दिशेने आहेत. मग श्रेय कुणाचं, दगडाचं की ढगांचं? पुढे वाचलं की कळतं, नुसता जास्त पाऊसही धानाला पुरत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाने दगा दिला आणि लोंबी भरायच्या वेळी पाणी नसलं की पीक जातं. ती उणीव भंडारा-गोंदियाकडच्या हजारो जुन्या तलावांनी भरून काढली. माजी मालगुजारी तलाव हे त्यांचं कागदोपत्री नाव, लोक म्हणतात मामा तलाव. ते बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा होता. पिकाच्या पुस्तकाने आपल्याला असं इतिहासाच्या कपाटापाशी आणून सोडलं.

आठव्या ते दहाव्या आठवड्यात इतिहास आणि अर्थकारण. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि इकडच्या कापसाचे भाव कडाडले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. या सालांकडे नीट बघा. काळी माती १८६० मध्येही होती आणि १८७० मध्येही तीच होती. कापसाखालची जमीन वाढली ती भाव आणि रेल्वेमुळे. मातीने शक्यता दिली, बाजाराने कारण दिलं. गिरणी तर त्या दोघांच्या मागून आली. भूशास्त्राचं पुस्तक हे सांगू शकत नाही, आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकाला माती दिसत नाही.

अकराव्या आठवड्यात प्रत्यक्ष फेरी. नोव्हेंबर उत्तम, कारण तेव्हा इकडे बोंडं फुटलेली असतात आणि तिकडे धान कापणीला आलेलं असतं. एका रविवारी वर्ध्याच्या दिशेने, दुसऱ्या रविवारी भंडाऱ्याच्या दिशेने. बाराव्या आठवड्यात दोन पानांचं उत्तर लिहून काढायचं.

रोज अर्ध्या तासात माहितीपर पुस्तकाची साधारण पंधरा पानं होतात. दोनशे पानांचं पुस्तक पंधरवड्यात संपतं. म्हणजे बारा आठवड्यांत पाच, फार तर सहा पुस्तकं. तेवढी पुरतात.

वही

दोनशे पानी फुलस्केप वही घ्या, मोबाइलवर टिपणं नकोत. मोबाइलवरची टिपणं साठत जातात, पण शेजारी ठेवून बघितली जात नाहीत. डाव्या पानावर पुस्तक काय म्हणतं ते, पृष्ठक्रमांकासह. उजव्या पानावर तुमची शंका. सुरुवातीची चार पानं सनावळीसाठी सोडा. कुठल्याही कपाटातलं साल असो, खडकाचं, युद्धाचं, गिरणीचं, एकाच यादीत जाईल. वर रेल्वे, गिरणी आणि युद्ध यांचा क्रम लागला तो अशाच यादीमुळे.

शेवटची दहा पानं नावांसाठी. ही युक्ती आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. प्रत्येक पुस्तक संपलं की मागची सूची उघडा आणि त्यातली तुमच्या भागातली माणसं आणि गावं या पानांवर उतरवा. समोर पुस्तक आणि पृष्ठ. एखादं नाव दोन वेगळ्या कपाटांतल्या पुस्तकांत आलं की तिथे थांबा.

जॉन हेन्री रिव्हेट-कार्नॅक हे नाव कापसाच्या इतिहासात येतं, मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर म्हणून. तेच नाव पुरातत्त्वात येतं, जुनापाणीची शिळावर्तुळं उकरून बघणारा म्हणून. ही वर्तुळं म्हणजे लोहयुगातली दफनं. त्यांचा अभ्यास करणारा आणि बोंडांची प्रत तपासणारा माणूस एकच. स्टीफन हिस्लॉप हे नाव तर चार कपाटांत सापडेल. नागपुरात आलेला स्कॉटिश मिशनरी, म्हणून धर्म आणि शिक्षणात. हिस्लॉप कॉलेजला त्याचं नाव आहे. टाकळी आणि सीताबर्डीच्या लाव्ह्याच्या थरांमधले जीवाश्म त्याने गोळा केले, म्हणून भूशास्त्रात. हिस्लोपाइट या खनिजाचं नावही त्याच्यावरून पडलं. त्याने गोंडांची गाणी टिपून ठेवली, म्हणून लोकसाहित्यात. आणि १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना नाल्याच्या पुरात तो बुडाला, म्हणून पुरातत्त्वातही. गावांचंही असंच. हिंगणघाट भूमापनात लॅम्बटनच्या कबरीमुळे आलं, आणि कापसाच्या पुस्तकांत ते तिथल्या नावाजलेल्या वाणामुळे येईल. कुठल्या वाचनयादीत या गाठी दिलेल्या नसतात. त्या दहा पानांवर आपोआप पडतात.

जोड मानण्याचा नियम मात्र कडक ठेवा. दोन वेगळ्या पुस्तकांचे दोन पृष्ठक्रमांक देता आले तरच ती जोड. "असं वाटतं की" ने सुरू होणारं वाक्य उजव्या पानावर, शंका म्हणून.

कुठे फसतं आणि का

जुन्या आवृत्त्या. साहित्य आणि इतिहासात जुनं पुस्तक चालतं, कधी कधी तेच हवं असतं. विज्ञान आणि शेतीत आतलं पान उलटून साल बघितल्याशिवाय पुस्तक घेऊ नका. भूपट्ट सरकतात ही कल्पना १९६० च्या दशकात मान्य झाली, त्यामुळे त्याआधीचं भूशास्त्राचं पुस्तक डोंगर आणि लाव्हा यांची कारणं वेगळीच सांगेल. कापसात दोन सालं लक्षात ठेवा : १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हे संकरित वाण आलं आणि २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्याआधीच्या पुस्तकातला खर्च, फवारणी आणि उतारा आजच्या शेताला लावू नका.

मापं. हा फार वाईट खड्डा आहे. शेतकरी क्विंटलमध्ये विकतो तो सरकीसकट कापूस, गिरणी मोजते ती सरकी काढलेली रुई. रुईचं वजन कापसाच्या साधारण एक तृतीयांश भरतं. हे न पाहता शेतीच्या पुस्तकातला आकडा गिरणीच्या आकड्याशेजारी ठेवला तर हिशेब तिपटीने चुकतो. आणि गाठ म्हणजे आज १७० किलो, पण जुन्या अहवालांत ती ३९२ पौंडांची, म्हणजे जवळपास १७८ किलोंची. दोन कपाटांतले आकडे शेजारी मांडण्याआधी दोन्ही किलोत आणा.

एकाच कारणाची पुस्तकं. सगळा इतिहास हवामानाने घडला, किंवा सगळा व्यापाराने घडला, असं सांगणारी पुस्तकं वाचायला झपाटून टाकतात. जरूर वाचा, पण त्याच आठवड्यात दुसऱ्या कपाटातलं पुस्तक उघडा. लेखक स्वतःच्या विषयाबाहेर गेला की तळटीपा विरळ होतात का, तेही बघा. होत असतील तर तेवढा भाग उजव्या पानावर जाईल.

पाचव्या-सहाव्या आठवड्यातला कंटाळा. हा येतोच. नव्या विषयाची नवलाई ओसरलेली असते आणि जोड अजून दिसत नसते. त्या आठवड्यात पुस्तक बंद ठेवून नकाशा घ्या, अजब बंगल्यात जा, किंवा गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात दुपार घालवा. धागा तोच ठेवा, फक्त माध्यम बदला.

आणि ढीग. एका वेळी तीनच पुस्तकं : एक मुख्य, एक सोपं, एक संदर्भाचं. चौथं घरी आलं की मुख्य पुस्तक मागे पडतं.

विकत घ्यायचं तर

बारा आठवड्यांत एक, फार तर दोन पुस्तकं विकत घ्या, आणि तीही वाचनालयातून आणून वाचलेली. जे दुसऱ्यांदा उघडावंसं वाटलं तेच. बर्डीतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाताना आकृत्या, नकाशे आणि शेवटची पानं शाबूत आहेत का ते तपासा. मागची सूचीच फाटलेली असेल तर नावांच्या यादीला ते पुस्तक कामाचं नाही.

दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला लागणारे पुस्तकांचे स्टॉल मात्र चुकवू नका. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ लाखो लोक येतात आणि परतताना पुस्तकं घेऊन जातात. पुस्तकांवरचं असं प्रेम बघायला मिळणं हेच मोठं आहे. इतिहास, कायदा, अर्थकारण, पाली, बौद्ध तत्त्वज्ञान, चरित्रं, सगळं शेजारी शेजारी मांडलेलं असतं आणि बरंचसं सवलतीत. मुख्य दिवशी पुस्तक उघडून बघायला जागा नसते. एक-दोन दिवस आधी सकाळी जा, तीन नावांची यादी आणि ठरलेली रक्कम खिशात ठेवा, आणि यादीबाहेरचं एकच पुस्तक घ्यायची मुभा स्वतःला द्या.

सोबत असली तर

चार जण पुरेत, सहापेक्षा जास्त नकोत. प्रश्न एकच, कपाटं चौघांची वेगळी. महिन्यातून एकदा तासभर बसायचं. प्रत्येकाने सात मिनिटं बोलायचं, आणि ऐकणाऱ्यांनी फक्त "हे कुठल्या पानावर आहे?" एवढंच विचारायचं. मतभेद पुस्तकांमधले असतील तर वाद चांगला होतो. पुस्तक न वाचता केलेला वाद पानठेल्यासाठी राखून ठेवा. गटात शेतीतला, दुकानातला, दवाखान्यातला असा एखादा कामाचा माणूस असला तर फारच उत्तम. तो पुस्तकातल्या एका आकड्याकडे बोट दाखवून "असं नसतं" म्हणेल आणि पुढचा महिनाभर पुरेल एवढं काम लावेल.

बारा आठवड्यांनंतर

दोन पानांचं उत्तर लिहून झालं की लाल पेन घ्या आणि ज्या वाक्यांना पृष्ठक्रमांक देता येत नाही ती सगळी अधोरेखित करा. पहिल्या खेपेला निम्मं पान लाल होईल. घाबरू नका. त्या लाल वाक्यांपैकी जे सर्वांत जास्त टोचतं तो पुढचा प्रश्न. वरच्या उदाहरणात आम्ही लिहिलं की तलावांनी पाण्याची उणीव भरून काढली. पण जमिनीचा उतार, बांधाची जाडी आणि सांडव्याची जागा ते लोक ठरवत कशी होते? त्याचं उत्तर कापसाच्या पाचही कपाटांत नाही. त्यासाठी ६२७ चं जलअभियांत्रिकीचं कपाट उघडावं लागेल, ३९८ मधलं लोकसाहित्य बघावं लागेल, आणि एका रविवारी भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या मामा तलावाच्या बांधावर जाऊन तिथल्या जुन्या माणसांना विचारावं लागेल.